जेवायच्या हाताला

मी पुन्हा दरीत पडले तेव्हा माझे वडील, अण्णा, समोर बसून वाल सोलत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मेलीस का?"

मी म्हटलं, मेले.

"मग आता जरा चहा टाक," ते म्हणाले. लगेच त्यांनाच आठवलं की माझा पाय प्लास्टरमध्ये आहे, आणि पुटपुटत स्वतःच उठले.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. त्या वर्षी मोरीजवळच्या ओल्या फरशीवर मी अशी आपटले की घोटाच मोडला. घरात बसून बसून डोकं फिरायची वेळ आली. मी चिडून भांडायला लागले, तेव्हा माझ्या नवऱ्याने, मुकुंदने, ऑफिसातल्या कुणाचा तरी जुना टॅबलेट आणून माझ्या मांडीवर ठेवला. माझ्या तोंडापासून सुटका हवी होती त्याला, दुसरं काय. त्यात एक गेम होता. नाव इंग्रजीत लांबलचक, आम्ही त्याला नुसतं 'बेट' म्हणायचो. एक भलंमोठं बेट, त्यावर हवं तिथे भटका, कुणी हटकत नाही. जागोजागी चित्रविचित्र प्राणी लपलेले, ते शोधायचे, पकडायचे आणि आपल्या पोथीत जमा करायचे. सगळे मिळाले की पोथी पूर्ण झाली. ऐकायला पोरखेळ वाटतो, आणि आहेच पोरखेळ. पण हातात घेतलेलं अर्धवट सोडायचं मला जमत नाही. स्वेटरसुद्धा मी उन्हाळ्यात पुरा करते.

तर माझी पोथी भरत आली होती. एकच प्राणी हाताला लागत नव्हता. कोल्ह्याएवढा, निळसर, शेपूट दिसली म्हणेपर्यंत गायब. तो कुठे सापडतो हे गेम सांगत नाही. त्यासाठी जगभरातले वेडे लोक आपल्या हौसेने नकाशे काढतात, तक्ते करतात, व्हिडिओ टाकतात, कुणाला काही अडलं तर उत्तरं देतात. एक पैसा मिळत नाही त्यांना. ते सगळं इंग्रजीत, आणि वाचता वाचता माझे डोळे मिटायचे. मराठीत शोधलं तर एकच मिळालं. कुणी 'चिंचोका' नावाने लिहिलेलं, 'बेटाचं पान'.

काय सुरेख होतं ते. सगळ्या प्राण्यांना मराठी नावं दिलेली. फुगून बसणारा तो फुगारू, अंगावर खवले असलेला खवल्या, आणि माझ्या त्या निळ्या कोल्ह्याचं नाव हुलकावणी. नकाशा हाताने काढून फोटो टाकलेला. आणि बेट समजावून सांगितलं होतं ते पंगतीतल्या पानासारखं. वरती मध्यभागी खारं तळं, ती मिठाची जागा. एका अंगाला तांबडे डोंगर, ती चटणी. दुसऱ्या अंगाला दाट रान, त्या भाज्या. मधोमध गोल पांढरी टेकडी, ती भाताची मूद. मी ते वाचून इतकी हसले की अण्णांनाही ऐकवलं. अण्णा जन्मभर आचारी. पंचवटीत त्या काळी गायधनी आचाऱ्यांच्या हातच्या जेवणाशिवाय मुंज व्हायची नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मीठ बरोबर जागी वाढलंय, एवढंच म्हणाले.

सगळं बरोबर होतं, हुलकावणी सोडून. तिथे लिहिलं होतं: भाताच्या मुदीवर उभं राहा, मिठाकडे तोंड करा, जेवायच्या हाताला वळा आणि नाकासमोर चाला, चटणीचा डोंगर आला की थांबा. मी उजवीकडे वळले की चार पावलांवर कडा. धाडकन खाली. एकटी मीच पडत नव्हते. खाली लोकांनी तक्रारींचा नुसता पाऊस पाडला होता. कुणी लिहिलं होतं, भाऊ, जेवायच्या हाताला दरी आहे, चटणी पार उलट्या अंगाला. कुणी म्हणत होतं, ज्याला स्वतःला वाट माहीत नाही त्याने लोकांना वाट दाखवू नये. चिंचोका प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचा: "मी रोज त्याच वाटेनं जातो. दरी नाही. मी तिथंच हुलकावणी पकडलो."

पकडलो. ह्याला हुलकावणीने पकडलं की ह्याने तिला? मराठीचं नुसतं भरीत केलं होतं बाबाने. मी चार शिव्या घातल्या आणि दरीच्या काठाने एखादी छुपी वाट असेल म्हणून पुन्हा टेकडीवर चढले.

अण्णा चहा घेऊन आले. बरोबर सकाळची कांदाभजी होती. उजव्या हातात टॅबलेट घट्ट धरलेला, पडायची भीती, म्हणून मी दुसऱ्या हाताने बशीतलं भजं उचललं आणि तोंडात टाकलं.

"डावा हात आहे तो," अण्णा म्हणाले.

अगदी जुना आवाज. पंगतीत फिरताना असायचा तो. मी चावायची थांबले, कारण त्या आवाजात हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलं होतं, पण ते मला उद्देशून कधीच नसायचं. ते शिनूदादाला असायचं.

श्रीनिवास माझा मोठा भाऊ. जन्मापासून डावरा. लिहायचा डाव्याने, चेंडू फेकायचा डाव्याने, आणि जेवायचाही डाव्याने. आचाऱ्याच्या घरात हे म्हणजे अगदी नाक कापल्यासारखं. अण्णा त्याचा डावा हात पंच्याने पाटाला बांधून ठेवायचे आणि मग ताट वाढायचे. तो रडत उजव्याने चिवडायचा, आणि अण्णा कामाला गेले की आई गुपचूप गाठ सोडायची. मला वाटा सांगायचा तोच. कालू, जेवायच्या हाताला वळ की वाण्याचं दुकान. मी आपली शहाण्यासारखी उजवीकडे वळायचे आणि घाटावर जाऊन रडत बसायचे. कारण शिनूदादाचा जेवायचा हात डावा होता. दर वेळी डोक्यात उलटं करून घ्यायचं हे मी पुढे शिकले.

मोठा झाल्यावर तो अण्णांच्या हाताखाली वाढपी झाला. वाढायचा उजव्याने, चूक काढायला जागा नाही. पण एका लग्नात, सगळ्यांची जेवणं झाल्यावर वाढप्यांची पंगत बसली आणि तो दमून भागून विसरून डाव्याने जेवायला लागला. यजमानांच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी पाहिलं. ह्याच हाताने आम्हाला वाढलंत का म्हणून त्यांनी मांडव डोक्यावर घेतला. अण्णा आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. बाविशीचा मुलगा. तो अर्ध्या पानावरून उठला, हात धुतला आणि कार्यालयाच्या मागच्या दाराने गेला तो गेलाच. आम्ही पेपरात दिलं, पोलिसांत दिलं, नातेवाइकांचे उंबरठे झिजवले. आई त्याची वाट बघत गेली. त्यानंतर अण्णांच्या तोंडी त्याचं नाव नाही. मी मात्र पंधरा वर्षं बाजारात, देवळात, कुठेही पाठमोरा उंच माणूस दिसला की पुढे जाऊन तोंड बघायचे. मला माझा भाऊ हवा होता. जिवंत आहे एवढं कळलं असतं तरी चाललं असतं.

मी भजं गिळलं. भाताच्या मुदीवर उभी राहिले, मिठाकडे तोंड केलं आणि डावीकडे वळले. दरी नव्हती. सरळ पायवाट, पिवळं गवत, समोर चटणीचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी हुलकावणी शेपूट अंगाखाली घेऊन निवांत झोपली होती. मला ती पकडायचं भानच राहिलं नाही. डोळ्यांतलं पाणी काचेवर पडत होतं आणि काचेवर काही पडलं की गेम भलतंच काही करतो, त्यामुळे ती जागी होऊन पळूनही गेली.

अण्णांना तेव्हा काही बोलले नाही. संध्याकाळी मुकुंदला सांगितलं. तो समजूतदार माणूस, आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की महाराष्ट्रात डावरे काय थोडे आहेत, आणि पान कसं वाढतात हे कुणालाही माहीत असतं. मी म्हटलं, डावरा असेल, पान माहीत असेल, पण डावीकडे वळायला जेवायच्या हाताला वळा म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. ह्यावर तो ताटं घ्यायला उठला. पण फार आशा धरू नकोस असं झोपताना म्हणालाच.

मी चिंचोक्याला लिहिलं. सगळ्यांना दिसेल असं नाही, फक्त त्यालाच जाईल असं. तुझी वाट बरोबर आहे, मी डावीकडे वळून पोचले. तू शिनूदादा आहेस का? मी कालिंदी, तुझी बहीण.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "नाही. मला बहीण नाही, भाऊ पण नाही. तुम्ही चुकून दुसऱ्यालाच लिहिलंय. वाट बरोबर आहे म्हणालात म्हणून थँक्यू."

मी ते इतक्या वेळा वाचलं की शेवटी शब्दांचे अर्थ लागेनात. थँक्यू म्हणे. बहीण नाही म्हणे. राग इतका आला की म्हटलं, ह्याला शोधून काढून आधी कान उपटावा आणि मग मिठी मारावी. मग वाटलं, खरंच दुसराच कुणी असला तर? शिनूदादा शाळेत मराठीत पहिला यायचा, तो मी पकडलो असं कशाला लिहील? आणि पंधरा वर्षांत माणसाची भाषा बदलते म्हणावं, तर मिठाची जागा बरी बदलली नाही. पुन्हा ते 'पान' उघडून मी शब्दनशब्द वाचून काढला. एका जागी लिहिलं होतं, कोशिंबीर आणि चटणी एकमेकांत मिसळू द्यायची नाही, म्हणजे ह्या दोन डोंगरांमधल्या खिंडीतून जायचं नाही. हे अण्णांचं वाक्य होतं. वाढप्यांना ओरडून सांगायचे. दुसऱ्या जागी लिहिलं होतं, मी लहान असताना बेट खेळायला लागलो. आता बेट निघालं त्याला अशी किती वर्षं झाली होती? शिनूदादा तेव्हा तिशी ओलांडून गेलेला. माझं डोकं पार पिंजून निघालं. एका वाक्यात तोच वाटायचा, दुसऱ्या वाक्यात परका.

मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. विचारलं, अण्णांच्या पंगतीत मठ्ठा वाढायचं काम कुणाकडे असायचं? ते काम नेहमी शिनूदादाचं. उत्तर आलं, "कोण अण्णा? तुम्ही बेटाबद्दल विचारा की."

त्या दिवशी मी कुणाशीच धड बोलले नाही. ओट्याशी स्टुलावर बसून केलेली आमटी खारट झाली, मुकुंदने मुकाट खाल्ली, अण्णांनी नाही. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि काय झालंय ते सांग म्हणाले. मग मी सांगितलं. सगळं. त्यांचं ते कोशिंबीर-चटणीचं वाक्यही वाचून दाखवलं. ते भिंतीकडे बघत बसले. म्हटलं आता उठून जातील, नाव काढलं की जायचेच. पण गेले नाहीत.

"म्हणजे तो अजून डाव्यानंच जेवतो," ते म्हणाले.

हे रागाने म्हणाले की आनंदाने ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. त्यांनी खारट आमटीची वाटी पुन्हा पुढे ओढली आणि सगळी संपवली.

मी शेवटचं म्हणून एकदा लिहिलं. मी चुकत असेन तर मला माफ कर, पुन्हा त्रास देणार नाही. पण तू जो कुणी असशील, हा माझा नंबर. एकदा फोन कर, म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता येईल. आणि मग फोन उशाशी घेऊन बसले. गॅसवाल्याचा फोन आला, बँकेचा आला, प्लास्टर कधी काढायचं म्हणून दवाखान्यातून आला. प्रत्येकावर मी खेकसले. आठवडा गेला, पुढचाही निम्मा गेला. मुकुंद मला काही विचारायचाच थांबला. अण्णा रोज दुपारी वामकुक्षी सोडून माझ्या खोलीत खुर्ची टाकून पेपर वाचायला बसायला लागले. एवढ्या मोठ्या घरात त्यांना तिथेच उजेड चांगला वाटत होता.

एका दुपारी अनोळखी नंबर आला. उचलला. पलीकडून बारीक आवाज आला.

"हॅलो, मी शाल्मली बोलतोय. चिंचोका."

मुलीचा आवाज. मुलगी, आणि बोलतोय. मला काही उमजेना. मी म्हटलं, बाळ, चिंचोक्याला फोन दे, मोठ्या माणसाला दे. ती म्हणाली, मोठं माणूस कशाला, चिंचोका मीच. बेटाचं पान मीच लिहिलो. मी म्हटलं, अगं, पण तू मुलगी आहेस ना, मग सगळीकडे मी जातो, मी गेलो असं काय लिहितेस?

"मग काय लिहू? आमच्यात सगळ्या पोरी असंच बोलतात. कोल्हापुरात आहे मी."

अरे देवा. मी कपाळावर हात मारला. मुलगा समजून, माणूस समजून, भाऊ समजून मी एका शाळकरी पोरीच्या मागे हात धुऊन लागले होते. तिला बहीण नाही हे ती खरंच सांगत होती. सगळं संपलं असं वाटलं आणि मी फोन ठेवायलाच निघाले होते. पण ती बोलतच राहिली. सगळे तिला चूक म्हणतात, वर्गातली पोरंसुद्धा दरीत पडली म्हणून हसतात. मी एकटीच बरोबर म्हणाले, म्हणून तिला फोन करावासा वाटला, आणि आईने तिला परवानगी द्यायला इतके दिवस घेतले. मग तिने काळजीने विचारलं, "आता तुम्ही तरी सांगा, जेवायचा हात म्हणजे डावाच ना?"

मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

"बाबांनी. मी डाव्यानं जेवतो. आजी, म्हणजे आईची आई, रागवायची. बाबा म्हणाले, ज्या हातानं तू जेवतेस तो तुझा जेवायचा हात, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. फोन स्पीकरवर नव्हता, पण ह्या पोरीचा आवाज खणखणीत होता. मी तिला बाबांचं नाव विचारलं. ती म्हणाली, अनोळखी माणसांना नाव सांगायचं नाही असं घरात बजावलंय. तुम्हीच सांगा, मी फक्त चूक की बरोबर ते सांगतो.

"श्रीनिवास," मी म्हटलं.

मग दुरून आईला हाक मारलेली ऐकू आली, आणि मग फोनजवळ येऊन, जरा घाबरून, "बरोबर."

तिच्या आईने फोन घेतला. मी कोण ते सांगितलं. ती बाई शांत स्वभावाची असावी. आपल्याला कुणीच नाही असं ते लग्नाआधीच म्हणाले होते, आडनावसुद्धा नाशिककर लावतात, त्यापलीकडे मी कधी विचारलं नाही, असं म्हणाली. एका वसतिगृहाच्या भटारखान्यात ते मुख्य आचारी आहेत. "मी सांगते त्यांना," ती म्हणाली. "पण येतील की नाही, ते माझ्या हातात नाही, वन्सं." वन्सं म्हणाली आणि मी हमसून हमसून रडले. प्लास्टरमधला पाय घेऊन नीट रडताही येत नाही.

फोन ठेवल्यावर अण्णांनी विचारलं, "मुलगी डावरी आहे?"

मी हो म्हटलं.

"मारत नाही ना तो तिला?"

नाही अण्णा, मी म्हटलं, तिला तो डाव्यानेच जेव म्हणतो. अण्णांनी मान हलवली आणि बरं झालं म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी उगाच सगळे डबे काढून पुसले.

शिनूदादाचा फोन आला नाही. माझ्या प्लास्टरची मुदत संपली, मी लंगडत घरात फिरायला लागले, तरी नाही. मी आशा सोडली असं सगळ्यांना सांगत होते आणि बेल वाजली की आधी मीच धावत होते. अण्णा म्हणाले, नाही आला तर त्याचं चुकत नाही. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला भीती वाटली.

आणि एका रविवारी सकाळी तो दारात उभा होता. केस अकाली पांढरे, पोट सुटलेलं, शेजारी दोन वेण्यांची मुलगी आणि मागे पिशव्या घेतलेली त्याची बायको. कान उपटायचे ते राहूनच गेलं. तो मला कालू म्हणाला आणि मी त्याच्या शर्टाला तोंड पुसलं. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात होते. तो वाकून पाया पडला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला की नाही ते मला दिसलं नाही, माझे डोळे भरले होते. दोघंही एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. सबंध सकाळ बोलले नाहीत.

अण्णांनी कित्येक वर्षांनी कमरेला पंचा बांधला आणि सगळा स्वयंपाक एकट्याने केला. मला नाही, सुनेला नाही, कुणालाही आत फिरकू दिलं नाही. मुकुंदला पिटाळून केळीची पानं आणवली. सगळ्यांना एका रांगेत बसवलं आणि स्वतः वाढायला उभे राहिले. बसा म्हटलं तर ऐकेनात. शाल्मलीच्या पानावर आधी मीठ वाढलं, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. ती बारकाईने बघत होती. चटणी माझ्या जेवायच्या हाताला आली म्हणाली. "हो," अण्णा म्हणाले, "तुझ्या जेवायच्या हाताला." तिने डाव्या हाताने पहिला घास घेतला आणि अण्णा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या पानावर त्यांनी न विचारता दुसरी जिलबी वाढली.

मी शिनूदादाकडे बघत होते. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. तो खाली मान घालून वरणभात कालवत होता. नीट, बोटांच्या टोकांनी, एक शीत इकडे तिकडे नाही. मग माझ्या लक्षात आलं की तो उजव्या हाताने जेवतोय.

अण्णांच्याही लक्षात आलं. ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या पानासमोर वाकले होते, तसेच थांबले.

"शिनू," ते म्हणाले. पंधरा वर्षांत हे नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं. "इथं परकं कुणी नाही. तुझ्या हातानं जेव."

शिनूदादाने कालवायचं थांबवलं. डावा हात मांडीवर होता, त्याच्याकडे क्षणभर बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आता येत नाही, अण्णा," तो म्हणाला. "त्या दिवसानंतर डाव्यानं घास उतरेना. पुढं सवयच गेली."

आणि तो उजव्या हाताने जेवायला लागला. शाल्मली एकदा बापाकडे, एकदा आजोबांकडे बघत होती. अण्णांनी त्याच्या भातावर तूप वाढलं, भरपूर वाढलं, आणि सरळ झाले. पुढच्या पानाकडे जायचं होतं, पण कुठल्या बाजूला वळायचं तेच त्यांना कळेना. रिकामी वाटी हातात घेऊन ते तिथेच उभे राहिले.